हौसेला मोल नसतं, पण हिशेब असतो



२०१९ पासून आपल्याकडच्या रस्त्यांवर अष्टकोनी बिल्ल्याच्या एम. जी. गाड्या दिसू लागल्या. ही अक्षरं म्हणजे 'मॉरिस गॅरेजेस', इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातल्या एका जुन्या गॅरेजचं नाव. आज त्या नावाची मालकी एका चिनी कंपनीकडे आहे. पण त्याची कीर्ती झाली ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात तयार होणाऱ्या छोटेखानी स्पोर्ट्‌स गाड्यांमुळे. त्यांतली सर्वांत जास्त खपलेली गाडी म्हणजे एम. जी. बी. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचं इंजिन १७९८ सीसीचं. आपल्या अँबेसिडरला वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं. म्हणजे ही गाडी दूरची असली, तरी नात्यातली आहे.

ब्रिटनमध्ये आजही कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या परसात अशी गंजलेली एम. जी. बी. उभी असते. वडिलांनी घेतलेली असते किंवा तरुणपणी परवडली नाही म्हणून निवृत्तीनंतर स्वस्तात उचललेली असते. मालकापुढे प्रश्न एकच असतो: हिला उभी करायची, की भंगारात द्यायची? आपल्याकडे जुन्या फियाटपुढे किंवा स्कूटरपुढे उभं राहून हाच प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत. म्हणून त्याचं उत्तर कसं शोधायचं, ते पाहू.

अशा गाडीजवळ गेलं, की आपण पहिल्यांदा बॉनेट उघडतो. 'इंजिन चालू होतं का हो?' हा आपला पहिला प्रश्न. खरं तर तो शेवटचा असायला हवा. इंजिन चार बोल्ट काढून बाहेर घेता येतं, पिस्टन-रिंगा बदलता येतात. या गाडीचे सुटे भाग आजही नवे मिळतात. गाडी जगणार की नाही, हे इंजिन ठरवत नाही, पत्रा ठरवतो.

याचं कारण तिच्या बांधणीत आहे. हिच्या आधीच्या एम. जी. ए. गाडीला खाली स्वतंत्र लोखंडी चासी होती आणि वर बॉडी बसवलेली होती. एम. जी. बी. मध्ये ती चासी गेली. पत्र्याची पेटीच सगळा भार पेलू लागली. त्यातून ही गाडी उघडी, म्हणजे वर टपाचा आधार नाही. पुढची चाकं आणि मागची चाकं यांना जोडून ठेवण्याचं मोठं काम दरवाजांखालच्या दोन पोकळ उंबरठ्यांवर येतं. इंग्रजीत त्यांना 'सिल' म्हणतात. घराचा उंबरठा झिजला तरी घर पडत नाही. इथे मात्र उंबरठा सडला, की गाडी मधोमध वाकू लागते.

आणि गंज नेमका तिथेच बसतो. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आत साचतो, ओला राहतो आणि ते पाणी उंबरठ्याच्या पोकळीत उतरतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. लोखंड, पाणी आणि हवा यांच्या जोडीला मीठ आलं, की गंजाला वेग येतो. आपल्या कोकणपट्टीत समुद्राची खारी हवा हेच काम करते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज पाचरीसारखा तो सांधा फोडतो. बाहेर रंगाखाली इवलासा फुगवटा दिसतो, तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

हा उंबरठा एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा असे त्याचे तीन थर असतात. झटपट विकायच्या गाडीत काय करतात, तर सडलेल्या थरांवर नवा पत्रा चढवून वेल्डिंग मारतात, लांबी भरतात आणि झकास रंग देतात. वरून कीर्तन, आतून तमाशा! म्हणून गाडी पाहायला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवावा. मऊ कापडात गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथे लांबी जाड भरली असेल, तिथे तो धरत नाही. मग दार बंद करून दार आणि मागचं मडगार्ड यांमधली फट पाहावी. ती वर-खाली सारखी हवी. जॅक लावायच्या जागी गाडी बेताने उचलावी. उचलताना ती फट मिटू लागली किंवा दार अडकू लागलं, तर उंबरठ्यात जोर उरलेला नाही, असं समजावं. मात्र जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी शिरू नये.

हा केवळ पैशांचा मामला नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. एम. जी. बी. चं उत्पादन १९८० मध्ये थांबलं, म्हणजे आता या मॉडेलची प्रत्येक गाडी चाळिशी ओलांडलेली आहे. परीक्षक सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग जिथे जोडलेले असतात, त्याभोवतीच्या ३० सेंटिमीटरमधला गंज काळजीपूर्वक पाहतो. ती नजर आता मालकाने स्वतःकडे घ्यायला हवी. शेजारच्या सीटवर आपलं माणूस बसणार आहे. त्याचा पट्टा सडक्या पत्र्याला बांधलेला असेल, तर वरच्या चकचकीत रंगाला काय अर्थ?

आता हिशेबाकडे येऊ. पूर्ण सडलेली एम. जी. बी. पैसे देऊन कारागिराकडून नवी करून घेतली, तर येणारा खर्च तयार गाडीच्या बाजारभावापेक्षा सहसा जास्त होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्याच काळातल्या जग्वार ई-टाइपची गोष्ट वेगळी. तिला बाजारात इतकी किंमत येते, की पार चाळण झालेली ई-टाइपसुद्धा कुणीतरी उभी करतो. म्हणजे गंज तोच असतो. एक गाडी वाचते आणि दुसरी मोडीत जाते, ती भावामुळे. तेव्हा 'नंतर विकून पैसे सुटतील' एवढ्याच आशेवर हे काम हाती घेऊ नये.

एम. जी. बी. ला मात्र एक सोय आहे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून जुन्याच साच्यांवर तिची कोरी बॉडी पुन्हा बनू लागली. आज तिला दहा हजार पौंडांहून अधिक पडतात आणि रंगकाम वेगळं. तरीही सगळा सांगाडा सडलेला असेल, तर तुकड्या-तुकड्यांनी ठिगळं लावण्यापेक्षा हा मार्ग कधी कधी शहाणपणाचा ठरतो.

मग मनात येतं, की बॉडीच बदलली तर गाडी तीच राहिली का? हा प्रश्न तिथल्या नोंदणी खात्यालाही पडला होता. तिथे अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली गेली. मूळ किंवा तसाच कोरा सांगाडा असेल तर ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ आणि इंजिनाला अवघा १. चौदापैकी ८ गुण मिळाले, तर जुना नंबर टिकायचा. ज्या इंजिनापाशी आपण पहिल्यांदा धावतो, त्याला सर्वांत कमी गुण!

पण अशा गाड्यांचा घात गंजापेक्षाही एका गोष्टीने जास्त होतो, ती म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. पहिल्या रविवारी उत्साहात गाडी खोलली जाते. भाग खोक्यांत जातात, खोक्यांवर नावं लिहायची राहतात. उंबरठा कापताना दाराच्या चौकटीला आडवा आधार दिला नाही, तर बॉडी बसते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. मग मुलांच्या परीक्षा येतात, घराचे हप्ते असतात. पाच वर्षांनी ती खोकी 'अपूर्ण काम' म्हणून मातीमोलाने विकली जातात. म्हणून पहिला बोल्ट सोडवण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. पत्रा कुठवर गेला आहे? कोणते भाग जागेवर नाहीत? वेल्डिंग कोण करणार? आणि दर महिन्याला घराला न जाणवता किती पैसे व किती तास देता येतील? सांगाडा धडधाकट असेल, तर गाडी चालती ठेवून एकेक काम काढावं. हप्त्याहप्त्याने केलेली दुरुस्ती सहसा तडीला जाते.

उत्तर 'नाही' असं आलं, तर त्यात कमीपणा मानू नये. सडलेल्या सांगाड्यातला चांगला गिअरबॉक्स, काच किंवा दार दुसऱ्या दोन-तीन गाड्यांना जगवतं. अशी मोडलेली गाडी वाया गेली, असं कोण म्हणेल?

आपल्याकडे २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांचा भर आहे मूळ रूपावर: चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. तेव्हा आजोबांची गाडी ठेवायची असेल, तर तिच्या कागदपत्रांइतकाच तिचा मूळ पत्राही जपा. पावसाळ्याआधी खालचा चिखल धुऊन काढा आणि पाणी निचरायची भोकं मोकळी ठेवा. या कामाला खर्च जवळजवळ नाहीच, आणि पुढचा सगळा खर्च त्यानेच वाचतो.

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. खरं आहे. पण हौसेचा हिशेब आधी मांडला, तर ती हौस शेवटपर्यंत पुरते.