तबकडीचा टेलिफोन, नव्या जोडणीवर

पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैल पारखणारा माणूस आधी दात पाहतो, मग चाल. घरातला जुना काळा टेलिफोन पुन्हा चालू करायचा, तर त्याचीही अशीच पारख करावी. तबकडी शून्यापासून फिरवून सोडा. साधारण सेकंदाभरात ती जागेवर आली पाहिजे. रेंगाळली, तर आतले वंगण सुकले असे समजा. तिथे खोबरेल तेल मात्र घालू नका; ते थंडीत थिजते!

या तबकडीचे काम मोठे गमतीचे. परत फिरताना ती तारेतला प्रवाह तोडते नि जोडते. एकासाठी एकदा, पाचासाठी पाचदा, शून्यासाठी दहादा. पूर्वी लोक तबकडीला कुलूप लावीत. तेव्हा काही वस्ताद रिसीव्हरखालचा खटका टपटप दाबून नंबर लावीत, ते याच तत्त्वावर.

आता तांब्याच्या तारेऐवजी काचतंतूची जोडणी आली. तिच्या डबीला टेलिफोनसाठी खाच असते. तीत यंत्राच्या दोन तारा जोडल्या की घुरघुर ऐकू येते. निम्मे काम झाले. मग ओळखीचा नंबर फिरवून पाहावा. लागला तर उत्तमच. पुष्कळ डब्यांना मात्र हे ठोके कळत नाहीत, फक्त बटणांचे सूर कळतात. अशा वेळी ठोक्यांचे सूर करणारी छोटी पेटी मधे बसवावी लागते. घंटी मलूल वाजली, तर डबी तिला पुरेसा दाब देत नाही. आणि उघड्या तारा हाती धरू नका. घंटीची वीज चांगलाच झटका देते.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मोबाईलच्या काचेवरचे आकडे ज्या आजीला दिसत नाहीत, तिचे बोट भोके मोजून बिनचूक नंबर लावते, म्हणून. मदतीच्या 112 ला तर चारच ठोके पुरतात.

पण इथेच एक धोका आहे. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजकडून वीज मिळे; गावातले दिवे गेले तरी फोन बोले. डबी घरच्या विजेवर चालते. मुरबाडकडच्या पावसात वीज गेली, की डबी विझते आणि आजीचा फोन नेमका त्याच रात्री मुका होतो. तेव्हा डबीला बॅटरी जोडा. मग प्लग काढून शेजारच्या घरचा नंबर आजीलाच लावू द्या. आणि हे मृग लागण्यापूर्वी करा.