होडीचे यंत्र आणि ठिणगी

भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर या तालुक्यांमध्ये विस्तीर्ण जलाशय पसरला. पैलतीर गाठण्यास काठच्या अनेक गावांना होडीचीच वाट जवळची ठरली. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांनी प्राण गमावले. तेथे कारण वाऱ्याचे होते. परंतु असा वारा सुटला असता भर पाण्यात यंत्र बंद पडणे किती घातक, हे त्यावरून उमगावे.

जुने यंत्र सुरू होत नसेल, तर प्रथम ठिणगी पाहावी. सांडलेले पेट्रोल पुसून प्लग काढावा, टोपीत बसवून त्याचे अंग यंत्राच्या धातूला टेकवावे आणि दोरी ओढावी. ठिणगी निळी व ठसठशीत असेल, तर दोष बहुधा इंधनात असतो. ती क्षीण असेल, तर प्लग बदलावा. तेलमिश्रित पेट्रोलाने त्यावर काजळी धरते. तरीही ठिणगी नसेल, तर यंत्र बंद करण्याच्या कळीची तार तपासावी. ती उघडी पडून धातूला लागली की ठिणगी पडत नाही. शेवटी चक्राखालील पॉइंट स्वच्छ करून त्यांची फट माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

ही तपासणी काठावरच करावयाची असते. आणि यंत्र कितीही चांगले असले, तरी होडीत वल्ही व प्रत्येकास जीवरक्षक जाकीट हवेच. याकडे ग्रामपंचायतींनी लक्ष द्यावे आणि शिक्षकांनी ते मुलांच्या मनावर बिंबवावे, एवढीच विनंती.