पटावरची संख्या आणि नाल्यापलीकडची पोरगी

(यवतमाळ येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण दारूवर, मारहाणीवर, पोटगीवर, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागण्यावर बोललो. मी शाळेवर बोलणार म्हटल्यावर चहाच्या वेळी एकीनं विचारलं, "शाळा हा बायांचा प्रश्न कसा? तो मास्तरांचा आणि सरकारचा." मी तिथूनच सुरुवात करते.

आधी माझी चूक सांगते. एम.एस.डब्ल्यू. करून या जिल्ह्यात कामाला लागले, तेव्हा पहिलं काम मिळालं शाळाबाह्य मुलांच्या पाहणीचं. पांढरकवड्याकडच्या एका कोलाम पोडावर गेले. पोडावर शाळा चौथीपर्यंत. चौथी झालेली एक मुलगी घरीच होती. फॉर्मवर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना होता. मी लिहून टाकलं, 'पालकांची अनास्था', आणि पुढच्या घरी गेले.

पावसाळ्यात पुन्हा त्या पोडावर निघाले, तर पोचताच येईना. मधला नाला भरून वाहत होता. दोन तास अलीकडे बसून राहिले. पाणी उतरल्यावर त्या मुलीची आई भेटली. म्हणाली, "ताई, पोरीनं शिकू नये असं कोनाले वाटते? पाचवीची शाळा नाल्यापल्याड. पोट्टे जातात कसेबी. पोरीले कशी धाडू? अन् दिवाळीपासून आमी दोघंबी कापूस वेचाले जातो, लहान्याले कोन पाहीन?"

माझ्या रकान्यात नाला नव्हता, कापूस नव्हता, लहान भाऊही नव्हता. मी मात्र त्या बाईला बेपर्वा ठरवून मोकळी झाले होते. अशा किती फॉर्मांवरून किती अहवाल तयार झाले असतील, याचा विचार करा.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. कागदावर सगळं नीट आहे. पण अनेक वस्त्यांवर शाळा अजून चौथीलाच थांबते, आणि मुलगीही तिथेच थांबते.

आता तर हाताशी असलेली शाळाही जायची वेळ आली आहे. २०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं सरकारनं ठरवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटाप्रमाणे शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदलले आणि लहान शाळांची आणखी ओढाताण झाली.

सरकारचं म्हणणं आपण ऐकून घेतलं पाहिजे. पाचसात मुलं, चार वर्ग, एक शिक्षक. त्यातच माहिती भरा, निवडणुकीचं काम करा. मुलांना खेळायला सवंगडी नाहीत. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, ग्रंथालय मिळेल, गाडीनं ने-आण होईल. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एकाच खोलीत बसलेले चार वर्ग मी पाहिले आहेत.

पण ती गाडी कुठपर्यंत येणार? मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. योजना चांगली आहे. पण पास असला म्हणून पोडावर एस.टी. येत नाही. २०२१ च्या दिवाळीपासून पुढचे काही महिने एस.टी.चा संप चालला. कर्मचाऱ्यांची मागणी पोटाची होती, त्यांना दोष नाही. पण त्या काळात मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून शाळेत जात राहिले, आणि कितीतरी मुली घरी बसल्या. त्यांतल्या काहींची लग्नं लागली. शाळा लांब गेली की पहिली गळते ती मुलगी. म्हणून हा बायांचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट कामाची. आपल्या जिल्ह्यात ऑक्टोबरपासून कापूस वेचणी असते. मजुरी किलोवर, म्हणून जितके हात तितके पैसे. पुसद, महागाव, उमरखेडकडच्या तांड्यांवरून जोडपी ऊसतोडीला जातात आणि पोरगी धाकट्यांना सांभाळायला सोबत जाते. मुलींनी शाळेत यावं म्हणून १९९२ मध्ये सावित्रीबाईंच्या नावानं उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली तरी तो एक रुपयाच राहिला. एका रुपयात मुलीच्या हाताचं काम कोण सोडवणार?

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारचा महसूल येतो कष्टकऱ्यांच्या घामातून आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. आज पट मोजून शाळा महाग ठरवली जाते, तेव्हा मला ती साक्ष आठवते.

मग आपण काय करायचं? त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात पाऊण सभासद पालक हवेत आणि निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार या समितीला आहे. त्या पोडावर मी सभासद बायांची नावं वाचून दाखवली, तर एक म्हणाली, "मी हाओ यात? मले तर आजच समजलं." रजिस्टर पोराच्या हाती घरी यायचं आणि ती अंगठा द्यायची.

त्या दिवसापासून बैठक शाळेत नाही, संध्याकाळी पोडावर व्हायला लागली. पुढं त्या शाळेचं नाव बंद करायच्या यादीत असल्याची बातमी आली. कागदावर पलीकडची शाळा एक किलोमीटरच्या आत होती. बाया म्हणाल्या, "नाल्यावरून मोजलं असंन." आम्ही मोटारसायकलच्या मीटरवर पुलावरून जाणारा रस्ता मोजला, तो चार किलोमीटर भरला. तो आकडा घालून अर्ज केला, ग्रामसभेत ठराव घेतला. शाळा तूर्त टिकली आहे. शिक्षक अजून एकच आहे. नाल्यावरचा रपटा मंजूर झालेला नाही. पावसाळ्यात पाणी कमी असलं की दोन बाया पाळीपाळीनं मोठ्या मुलींना नाला ओलांडून देतात, जास्त असलं की शाळा बुडते. एवढंच झालंय, जास्त सांगणार नाही.

जिची पोरगी घरी बसली होती, ती आई आता समितीवर आहे. त्या मुलीला मात्र आम्ही परत शाळेत घालू शकलो नाही. उशीर झाला होता.

म्हणून माझी विनंती आहे. दारूबंदीसाठी आपण मोर्चे काढले, बचतगट चालवले. आता प्रत्येकीनं आपल्या गावच्या समितीवर कोण बाया आहेत ते शोधावं आणि त्यांना ते सांगावं. शाळेचा रस्ता स्वतः चालून मोजावा, तोही पावसाळ्यात. वेचणीच्या दिवसांत कोणती मुलगी गैरहजर आहे ती नावानिशी लिहून ठेवावी. पुढच्या शिबिराला येताना ती वही घेऊन या. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते तिच्या आईला विचारून लिहा.