सरासरीत न मावणारी थंडी
(नगरमधील सावेडी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

दिवस मावळला तरी अजून पंख्याखालून उठवत नाही. इथून राहुरी पस्तीसेक किलोमीटर. त्याच्या निम्मं अंतर सरळ वर गेलात, साधारण 17 किलोमीटर, की हवा उणे 80 अंशांच्या आसपास! ध्रुवावर नाही, आपल्या डोक्यावर.

ही थंडी, आणि तिथला ओझोन वायू, हे मोजतात कसं? पुण्याच्या हवामान खात्यात अण्णा मणी यांनी 1960 च्या दशकात ओझोन मोजणारं भारतीय यंत्र उभं केलं. फुग्याखाली एक डबी, तिच्यात पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण. छोटा पंप बाहेरची हवा त्यात बुडबुडवतो. ओझोन आला की आयोडीन सुटतं, बारीकसा वीजप्रवाह वाहतो. सोबत तापमानही मोजावंच लागतं, अगदी पंपाचंसुद्धा, नाहीतर हवा किती ओढली याचा हिशेब चुकतो.

आता संगणकाकडे या. हवेतल्या या क्रियांचं गणित त्यात मांडलं की झालं मॉडेल; पण क्रियेचा वेग तापमानावर ठरतो. उन्हाळ्यात विरजण दुपारपर्यंत लागतं, थंडीत पातेलं गव्हाच्या डब्यात ठेवावं लागतं. ऑक्सिजनचा सुटा अणू ओझोनला मोडतो, ती क्रिया तशीच: हवा उणे 53 वरून उणे 63 वर गेली की तिचा वेग एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. पण ओझोन घडण्याची क्रिया उलट आहे. ती थंडीत जोर धरते, दहा अंशांना सुमारे 12 टक्के. म्हणून कार्बन डायऑक्साइडमुळे हवेचा वरचा थर जिथे गार होतोय, तिथे ओझोन थोडा वाढतो. शिवाय ओझोन ऊन शोषून हवा तापवतो. म्हणजे तापमान ओझोन ठरवतं आणि ओझोन तापमान. पाषाणच्या आयआयटीएममध्ये 2024 साली आलेल्या ‘अर्का’सारखा महासंगणक असला, तरी हा फेरा पावलापावलाने, पुन्हापुन्हाच सोडवावा लागतो.

खरी गोम सरासरीत आहे. एप्रिलच्या सरासरीवर दही आंबत नाही हो, दुपारच्या एक्केचाळिसावर आंबतं! ओझोनचंही तसंच. दक्षिण ध्रुवावर हिवाळ्यात तापमान उणे 78 च्या खाली गेलं की वर विशिष्ट ढग जमतात. त्यांच्या कणांवर निपचित बसलेलं क्लोरीन मोकळं होतं आणि वसंतातलं ऊन पडताच ओझोन फस्त करतं. 1985 साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ओझोनचं छिद्र जाहीर केलं, तेव्हा एकाही मॉडेलने ते आधी सांगितलं नव्हतं. त्यांत वायूंचीच गणितं होती, ढगांचा पृष्ठभाग नव्हताच.

मग आपल्या डोक्यावर उणे 80 असून छिद्र का नाही? कारण तिथे हवा नुकतीच खालून चढलेली असते. क्लोरीन अजून सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बनच्या रेणूंतच कुलूपबंद असतं. ते कुलूप आणखी वर, कडक अतिनील किरणांनी फुटतं.

आता पुन्हा दक्षिणेकडे, सरासरीच्या गोमेकडे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या डोंगरांवरून वारा उसळतो, वर हवेत लाट उठते आणि तेवढ्याच पट्ट्यात पारा दहाएक अंशांनी कोसळतो. मॉडेल मात्र हवेचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच सरासरी तापमान देतं, आणि एक चौकोन बहुधा शे-दीडशे किलोमीटरचा; नगर आणि पुणे एकाच चौकोनात बसावेत इतका. त्यात ही लाट मावत नाही. तिकडे ढग जमलेत, क्लोरीन सुटलंय, आणि मॉडेल म्हणतंय: उणे 75, काही काळजी नाही.