रक्तांतील जागृति
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांतील आरोग्यदिनीं प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या महोत्सवांत देवालय, शाळा व पूर्वजांचे श्रम यांविषयीं पुष्कळ बोलणें झालें. आज आपल्या देहाविषयीं चार शब्द बोलावे, असें आम्ही योजिलें आहे.

आजाऱ्यांस भेटावयास घरोघरीं जातांना एक वाक्य आमच्या कानीं वारंवार पडतें: "फादर, हें आमच्या रक्तांतच आहे." बापास मधुमेह होता, म्हणून मुलास तो होणारच; आईचें हृदय दुर्बळ होतें, म्हणून लेकीनें तीच वाट पाहावयाची! या वाक्यांत सत्याचा अंश आहे, हें खरें. परंतु त्याच्या आड पुष्कळ वेळां निराशा लपलेली असते, आणि कधीं कधीं आळसही. आमची पन्नाशी उलटली आहे. हेंच वाक्य आम्हीं स्वतःच्या समर्थनार्थ वापरलेलें आहे, तें येथें कबूल केलेलें बरें.

आईबापांकडून मिळालेल्या जनुकांचा संच शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशींत असतो. तथापि सगळीं जनुकें सर्वकाळ काम करीत नाहींत. आपल्या गायनवृंदाच्या हातीं सर्व गीतांचें एकच पुस्तक असतें. पण नाताळांत एक पान उघडलें जातें, उपवासकाळांत दुसरें. तसेंच पेशींचें आहे. ज्या जनुकाची गरज पडेल त्याची नक्कल पेशी काढते व तिच्या आधारें प्रथिन बनविते. पुस्तक तेंच राहतें. उघडें पान बदलतें.

हें पान आपल्या श्रमानें बदलतें काय? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनीं या विषयावरील एक प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध केला. १८ ते ३० वर्षे वयाच्या १५ निरोगी पुरुषांनीं एका जागीं स्थिर असलेली सायकल ३० मिनिटें चालविली. श्रम कठोर होते. प्राणवायु घेण्याच्या त्यांच्या कमाल शक्तीच्या सुमारें ८० टक्के. व्यायामापूर्वीं, व्यायाम संपतांच आणि ६० मिनिटांच्या विश्रांतीनंतर त्यांचें रक्त घेऊन, रोगाशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीं एका गटाची तपासणी झाली.

त्या अर्ध्या तासांत ३११ जनुकांच्या कार्यांत फरक पडला होता. संकटकाळीं पेशींतील इतर प्रथिनांस सांभाळणारें एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकाचें कार्य साडेतीन पटींहून अधिक वाढलें होतें. दाह उत्पन्न करणारीं कांहीं जनुकेंही जागृत झालीं होतीं. पण तासाभराच्या विश्रांतीनंतर तीं पूर्ववत् झालीं, आणि त्याच विश्रांतींत दाह आवरणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाचें कार्य वाढलें. म्हणजे श्रमाप्रमाणें विश्रांतीचेंही येथें काम आहे.

येथें अतिशयोक्ति होऊं नये. व्यायामाच्या वेळीं शरीराच्या इतर भागांतून नव्या पांढऱ्या पेशी रक्तांत येतात. म्हणून दिसलेला कांहीं फरक पेशींच्या मिश्रणाचाही असतो. शिवाय हे पंधराच तरुण होते. व्यायामानें रोग बरा होतो असें हा प्रयोग सांगत नाहीं. कोणीही औषध सोडूं नये. वृद्धांनीं व हृदयविकार असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारूनच श्रम वाढवावे.

तरीही एवढें निश्चित कीं, पूर्वजांनीं दिलेलें रक्त आपल्या हालचालीविषयीं उदासीन नाहीं. परंतु उठलेल्या लाटांपैकीं पुष्कळ तासाभरांत ओसरतात. म्हणून एका दिवसाच्या उत्साहावर वर्ष काढतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटें मध्यम श्रम करण्याचा सल्ला दिला आहे. झपझप चालणें त्यांत येतें. त्यास पैसा लागत नाहीं.

आपले आजोबा देवालयास पायीं येत. आज फाटकापाशीं मोटारसायकलींस जागा पुरत नाहीं. आम्हीं स्वतः असें ठरविलें आहे कीं, येत्या सोमवारपासून जवळच्या आजाऱ्यांस भेटावयास पायींच जावयाचें. ज्यांस शक्य असेल त्यांनीं सोबतीस यावें.

आणि यापुढें कोणी "फादर, हें आमच्या रक्तांतच आहे" असें म्हणालें, तर आम्ही इतकेंच विचारूं: "असेल, बाळा, पण त्या रक्तास तूं आज कांहीं काम दिलेंस काय?"