फोडणारं भाषण आणि जोडणारं भाषण

(उपनगरातील गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही शिकलेले चार यत्ता. आमचे हात साच्यावर चाललेले, जीभ नाही. पण भाषणं आम्ही गिरणीवाल्यांनी पुष्कळ ऐकली. पाळी सुटली की डबा हातात घेऊन तसेच सभेला. त्यावरून एक गोष्ट कळली, ती सांगतो. भाषणानं माणसं फुटतात आणि भाषणानंच जुळतात.

आधी फुटण्याचं ऐका. २० नोव्हेंबर १९५५, चौपाटीची सभा. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे स. का. पाटील व्यासपीठावर. पाच हजार वर्षं गेली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही, असं पाटील बोलले. सभा उधळली. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद, फ्लोरा फाउंटनला मोर्चा, आणि गोळीबारात १५ माणसं गेली. लढा संपेपर्यंत हुतात्मे १०५ झाले. गोळी पोलिसांनी झाडली, खरं. पण मनं शब्दांनी आधीच पेटवली होती.

आता जुळण्याचं. आपल्यात तरी एकी कुठं होती? लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन एकीकडं, समाजवाद्यांची मिल मजदूर सभा दुसरीकडं. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. डांगे, एसेम जोशी, आचार्य अत्रे, शेकापवाले, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनवाले, सगळे एका व्यासपीठावर! अत्र्यांनी हसवलं, डांग्यांनी मजुराचा हिशेब समजावला, एसेमनी हात आवरायला शिकवलं. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा हजारो लोक काळे झेंडे घेऊन वाटेवर उभे राहिले. निदर्शनं झाली, पण शांततेनं. ही शिस्त दंडुक्यानं आली नाही, पुढाऱ्यांच्या शब्दानं आली.

आणि गुजराती शेजारी? घाटकोपर, मुलुंड, बोरीवलीला आपण भिंतीला भिंत लावून राहतो. मुंबई पाहिजे म्हणजे शेजारी नको, असं नव्हे. अहो, तिकडं इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषदसुद्धा द्विभाषिक मोडा असंच म्हणत होती! भांडण सत्तेशी होतं, भाषेशी नव्हे. पण हे व्यासपीठावरून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर दगड गरीब दुकानदारावर पडतो. १९५६ च्या जानेवारीत तसे पडलेही. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

देशाचंही तसंच. १७ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मुस्लिम लीगच्या जागा रिकाम्या होत्या. आपण आज एकमेकांविरुद्धच्या छावण्यांत विभागलो आहोत, हे त्यांनी लपवलं नाही. पण एक दिवस आपण एक होऊ असंही सांगितलं. ज्या घोषणांनी दुसऱ्याला भीती वाटते त्या बाजूला ठेवा, बहुमतवाल्यांनी थोडं नमतं घ्या, हा त्यांचा सल्ला. जन्मभर ज्यानं अपमान सोसला, त्यानं हे बोलावं! म्हणून त्याला वजन.

बंधूंनो, त्रासन खात्यात तार तुटली तर शिव्या देऊन जुळत नाही. बोटानं जोडावी लागते. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेरच राहिले. त्यासाठी सभा होतील, भाषणं होतील. तेव्हा टाळी देण्याआधी एवढंच बघा, हा बोलणारा आपल्याला शेजाऱ्यापासून तोडतोय, की न्यायासाठी जोडतोय?

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!