रिकामा तास कोणाच्या खात्यात?



भाषणासाठी मी वैमानिकांचा पगार हा विषय निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "लाखोंनी पगार घेणाऱ्यांची बाजू रायपुरात कशाला मांडता?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर याच मातीत आहे.

1977 साली दल्ली राजहराच्या लोहखाणींतले ठेकेदारी मजूर शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. मागण्या साध्या होत्या. पावसाळ्याआधी झोपडी दुरुस्त करायला बांस-बल्लीचे पैसे हवे होते आणि हजर राहूनही काम न मिळालेल्या दिवसाची मजुरी हवी होती. या मजुरीला तिथे 'फॉल-बॅक वेज' म्हणत. त्या जूनमध्ये गोळीबार झाला आणि 11 जण गेले. त्या मजुराच्या भुकेशी कॅप्टनच्या पगाराची तुलना मी करणार नाही, ती करणे पाप होईल. पण ती दुसरी मागणी आज विमान कंपन्यांच्या करारांत जशीच्या तशी उभी आहे.

वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग तासांवर ठरतो. चाकाखालचे चॉक काढून विमान हलले की तास सुरू होतो आणि मुक्कामी थांबले की संपतो. उड्डाणाआधीची हजेरी, हवामानाचे कागद, माना विमानतळावर धुके विरण्याची पाहिलेली वाट यातले काहीच त्यात धरत नाहीत. म्हणून करारात हमीचे तास लिहितात. विमान उडो न उडो, तेवढ्या तासांचे पैसे मिळतात. 2024 च्या आरंभी विस्तारा या विमान कंपनीत नव्या वेतनरचनेने हा आकडा 70 वरून 40 वर आणला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांअभावी उड्डाणे धडाधड रद्द झाली. 'जास्त उडा, जास्त कमवा' हे ऐकायला न्याय्य वाटते. पण रोस्टर, म्हणजे कोणी कधी उडायचे याचा तक्ता, वैमानिक आखत नाही. विमान दुरुस्तीला उभे राहिले, मार्ग बंद झाला, तर तो रिकामा तास कोणाच्या खात्यात टाकायचा? माझ्या मते ज्याच्या हाती रोस्टर आहे, त्याच्याच.

व्यवस्थापनाची अडचण मला ठाऊक आहे. इंधन महाग असते, विमानांचे भाडे डॉलरमध्ये द्यावे लागते. तरीही 2012 मध्ये किंगफिशर आणि एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज जमिनीवर आली, तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते, हे विसरून चालणार नाही. धोक्यातला वाटा त्यांनी आधीच उचललेला आहे.

आता युनियनचा प्रश्न. 2009 मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना बांधली, तेव्हा दोघांना काढून टाकले गेले. सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवस प्रवाशांचे हाल झाले. त्या प्रवाशांची मला मनापासून कणव वाटते. पण बोलण्यांचे दार लावून घेतले की भांडण रजेच्या अर्जातून बाहेर पडते, हे आपण मान्य केले पाहिजे.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एक झाल्या, पगाराच्या रीती मात्र दोन राहिल्या. एप्रिल 2011 मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवसांचा संप केला. संघटनेची मान्यता काढली गेली, बडतर्फीचे आदेश निघाले, आणि शेवटी वाद न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीपुढे आला. छत्तीसगड वेगळे होण्यापूर्वी रायपूरची अपिले ज्या उच्च न्यायालयात जात, त्याच मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे ते न्यायाधीश होते. दोन कंपन्यांच्या वेतनश्रेणी आणि सेवाज्येष्ठता जुळवण्याचे किचकट काम समितीने केले. त्याने सगळे मिटले असे म्हणणे खोटे ठरेल, कारण 2012 मध्ये ड्रीमलायनर विमानांच्या प्रशिक्षणावरून दुसऱ्या गटाचा संप 58 दिवस चालला. एक अहवाल दिला म्हणजे बोलणी संपली, असे मानले गेले, ती चूक होती.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही आता संप. आणि संपाला 14 दिवसांची नोटीस हवी. एकाहून अधिक संघटना असतील तर 51 टक्के पाठिंबा असलेलीला वाटाघाटीचा अधिकार मिळतो. रजेची वाट अशी अरुंद केली, तर वाटाघाटीची खोली रुंद करावीच लागेल.

लगेच डिसेंबरमध्ये काय घडले ते रायपूरकरांनीही भोगले. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोन, हे नियम आधीच जाहीर झालेले होते, तरी इंडिगोकडे पुरेसे वैमानिक उभे नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली आणि रात्रपाळीच्या नियमांत तात्पुरती सूट द्यावी लागली. झोप ही सवलत नाही. दीडशे-दोनशे माणसे पाठीशी घेऊन पहाटे तीनला उतरणाऱ्या माणसाच्या झोपेवर सूट देताना सरकारचा हात अडखळायला हवा होता.

दुपारच्या सत्रात कराराच्या मसुद्यावर चर्चा आहे. पगाराच्या आकड्यांआधी दोन कलमे घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. हमीचे तास एकतर्फी बदलता येणार नाहीत, हे पहिले. रोस्टर आखणाऱ्या समितीत वैमानिकांनी निवडलेला सदस्य मताच्या अधिकारासह बसेल, हे दुसरे. खाणीपासून कार्गोपर्यंत, जिथे जिथे आपण काम करता, तिथले रिकामे दिवस कोणाच्या खात्यात जातात याच्या नोंदी सोबत आणल्या असतील, तर त्या चहाच्या वेळेआधी माझ्याकडे द्याव्यात.